धारेनंतरचा तोल

हिरवळ कापणाऱ्या यंत्राच्या पात्याला धार लावून आणली की काम संपलं, असा सर्रास समज आहे. खरं तर तेव्हा काम निम्मंच झालेलं असतं. ग्राइंडरवर पात्याची दोन्ही टोकं सारखी झिजत नाहीत. ज्या टोकाला दगड लागून खाच पडलेली असते, ते जास्त घासावं लागतं. धार लावतानाच तोल बिघडतो तो असा.

हिरवळ कापण्याच्या पहिल्या यंत्राला हा प्रश्न नव्हता. इंग्लंडमधल्या स्ट्राउडचे एडविन बडिंग यांनी १८३० साली त्याचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र पाहून त्यांना ते सुचलं होतं. त्यात फिरत्या रुळावरची पाती खालच्या स्थिर पात्याला भिडून गवत कातरतात. क्रिकेटच्या मैदानांवर आजही या जातीची यंत्रं चालतात. आडवं पातं गरगर फिरवणाऱ्या यंत्राला मात्र खालून आधार देणारं दुसरं पातं नसतं. गवत वाकण्याआधीच तुटायला हवं, म्हणून तिथे वेग लागतो. १९५२ मध्ये सिडनीत मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसन यांनी पीचच्या रिकाम्या डब्याची पेट्रोलची टाकी करून असं यंत्र जुळवलं आणि ‘व्हिक्टा’ या नावाने ते ऑस्ट्रेलियात घरोघरी पोहोचलं. आपल्या सोसायट्यांच्या बागांत आणि अमेरिकेतल्या मराठी घरांच्या अंगणांतही बहुधा याच प्रकारचं यंत्र दिसतं.

या वेगाचा हिशेब पाहू. ५० सेंटिमीटर लांबीचं पातं मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याचं टोक ताशी २८० किलोमीटरने धावतं. अशा पात्याच्या एका टोकाला फक्त ५ ग्रॅम वजन जास्त असलं, तरी शाफ्टवर सुमारे साडेबारा किलोची ओढ बसते आणि ती सेकंदाला ५० वेळा चहूकडे फिरते. यंत्र थरथरतं, हाताला मुंग्या येतात, बोल्ट ढिले होतात, बेअरिंग लवकर खलास होतं.

तोल पाहायला महागडं साधन लागत नाही. पातं काढण्याआधी स्पार्क प्लगची वायर किंवा बॅटरी सोडवावी, हातात जाड मोजे घालावेत. पात्यावर वाळलेला गवताचा लगदा खरवडून काढावा, कारण त्याचंही वजन असतं. भिंतीत समतल ठोकलेल्या खिळ्यावर मधल्या भोकातून पातं अडकवावं आणि आडवं धरून अलगद सोडावं. जे टोक खाली जाईल, ते जड. आता पातं उलट बाजूने अडकवून पुन्हा पाहावं. पुन्हा तेच टोक खाली गेलं, तर दोष पात्याचाच. दुसरं गेलं, तर खिळा किंवा झिजलेलं भोक फसवतंय. शंकूच्या आकाराचा तोलक मिळाला तर उत्तमच, कारण त्यावर भोक बरोबर मध्यावर बसतं.

जड टोकाचं वजन कानशीने थोडं थोडं उतरवावं, तेही धारेच्या मागच्या, वर वळलेल्या भागातून. म्हणजे नव्या धारेला धक्का लागत नाही. चार हात मारले की पुन्हा खिळ्यावर. पातं आडवं ठेवल्यावर आडवंच राहिलं की थांबावं. ग्राइंडर दाबून चालवला आणि पोलाद निळं पडलं, तर त्याचं पाणी उतरलं असं समजावं. ती धार टिकणार नाही.

तोल साधला म्हणजे पातं सरळ आहे असं मात्र नाही. वाकलेलं पातंही खिळ्यावर समतोल राहू शकतं. म्हणून सपाट फरशीवर ठेवून दोन्ही टोकं सारख्याच उंचीवर आहेत का, ते पाहावं. वाकलेलं, तडा गेलेलं किंवा फार पातळ झालेलं पातं ठोकून सरळ करू नये, बदलावंच. त्या वेगात सुटलेला तुकडा जिवावर बेतू शकतो.

धार बाहेरून लावून घेत असाल, तर पैसे देण्याआधी पातं खिळ्यावर लावून दाखवायला सांगा. चांगला कारागीर त्याला नाही म्हणणार नाही.