साखरेच्या बेटावरचे सणवार

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला असलेला मॉरिशस हा देश लातूर जिल्ह्याच्या एक तृतीयांशही भरत नाही. क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. बेटावर मूळचे रहिवासी असे कोणी नव्हतेच. होता तो डोडो, उडता न येणारा पक्षी. १५९८ साली डच उतरले आणि शंभर वर्षांच्या आत तोही संपला. १७१५ मध्ये फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज. त्यामुळे आज तिथे जी भाषा, जो देव, जो पदार्थ दिसतो, तो कधी ना कधी बोटीतून उतरलेला आहे. आणि त्यांतल्या बहुतेकांना तिथे ओढून आणले ते उसाने.

फ्रेंचांनी मळ्यांवर राबवायला आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले. इंग्रजी अमलात १८३५ साली गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांनी त्याआधीच हिंदुस्थानकडे नजर वळवली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ जहाजाने ३६ मजूर कलकत्त्याहून आणले. पुढे पाऊण शतकाहून अधिक काळ ही आवक चालू राहिली आणि पाच लाखांच्या जवळपास माणसे आली. राजधानी पोर्ट लुईमधला त्यांचा उतरण्याचा धक्का ‘आप्रवासी घाट’ म्हणून जपला असून २००६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. वर चढायच्या सोळा दगडी पायऱ्या तिथे अजून आहेत.

करार पाच वर्षांचा. सुरुवातीच्या काळात पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि वर शिधा. गावात भरती करणारा दलाल, मळ्यावर सरदार. परवानगीवाचून एक दिवस कामावर आला नाही, तर मजुरी दोन दिवसांची कापली जाई. मराठवाड्यातून दरवर्षी कारखान्यांवर जाणाऱ्या ऊसतोड टोळ्यांना मुकादम, उचल आणि खाड्याचा दंड हे गणित समजावून सांगावे लागत नाही. पण कारखान्याचा पट्टा पडला की टोळी गावाकडे परतते. मॉरिशसला गेलेले बहुतेकजण तिथलेच झाले.

यात मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते, मुख्यतः रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, सावंतवाडी या भागांतले. भोजपुरी, तमिळ, तेलुगू मजुरांच्या मानाने ते थोडे. आजही मराठी समाज लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहे. पण एवढ्याशा समाजाच्या सणाला देशभर सरकारी सुट्टी मिळते, आणि मॉरिशस समजून घ्यायला इथूनच सुरुवात करणे बरे.

तिथली सुट्ट्यांची यादी हा एक प्रकारचा तहनामाच आहे. तमिळांची थैपूसम कावडी, तेलुगूंची उगादी, मराठ्यांची गणेश चतुर्थी, उत्तरेकडच्या हिंदूंची महाशिवरात्र, सगळ्यांची दिवाळी, मुसलमानांची ईद, चिन्यांचे नववर्ष, ख्रिश्चनांचा नाताळ. कॅथलिकांच्या दोन सणांपैकी, १५ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबर, सुट्टी एका वर्षी एकाला तर पुढच्या वर्षी दुसऱ्याला. १ फेब्रुवारी गुलामगिरीच्या अंताची आठवण म्हणून, तर २ नोव्हेंबर मजुरांच्या आगमनाची म्हणून. उगादीच्या सुट्टीत मराठी घरांचा पाडवाही आयताच उरकतो.

गणपतीची सुट्टी बहुधा चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असते, कारण ती विसर्जनासाठी. कोकणातला दीड दिवसाचा गणपती बेटावर तसाच टिकून राहिला. बेटावरचा पहिला गणेशोत्सव १८९६ साली हेन्रिएटा गावात झाला असे मानले जाते. मिरवणुकीत ‘झाकरी’ नाचतात: गोल धरून, पायांचा ठेका देत, मध्ये ढोलकी आणि झांज. कोकणातल्या जाखडीचे हे रूप. नदीवर किंवा समुद्रावर पोचलेल्या त्या गर्दीत बिगरमराठी शेजारीही असतात.

महाशिवरात्रीला मात्र सारे बेटच चालत असते. डोंगरातल्या ‘गंगा तलाव’ या विवरातल्या सरोवराकडे पांढऱ्या कपड्यांतले लाखो लोक बांबू-कागदाच्या सजवलेल्या कावडी घेऊन पायी निघतात. वाटेत जागोजागी पाणी, फळे, जेवण फुकट मिळते. पंढरीची वारी पाहिलेल्याला हे सगळे ओळखीचे वाटेल. सरोवराचे पाणी घेऊन भाविक आपापल्या गावच्या शिवमंदिरात परततात आणि अभिषेक करतात. सप्टेंबरमध्ये पेर लावाल या कॅथलिक धर्मगुरूच्या समाधीवर सेंत-क्र्वाला जी रीघ लागते, तीत हिंदू आणि मुसलमानही असतात.

सण वेगवेगळे, पण बोली एक. घरोघर क्रिओल बोलतात. ती फ्रेंचच्या आधाराने गुलामांनी मळ्यांवर घडवली. संसदेचा कारभार इंग्रजीत, वर्तमानपत्रे बहुतांशी फ्रेंचमध्ये. मराठी, हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू, चिनी या भाषा शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकवल्या जातात, आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा स्वतंत्र विभाग आहे. तरी मराठी आडनावाचे मूल घरी क्रिओलच बोलते. मराठी उरली ती आरतीत, भजनात, लग्नातल्या गाण्यांत आणि वहीत.

जेवणात तर वाटणी चालतच नाही. चणाडाळ शिजवून, कुटून, हळद-जिरे घालून पातळ पोळीत भरलेली ‘धॉल पुरी’ हे मॉरिशसचे खरे राष्ट्रीय खाणे. ती दोन-दोनच्या जोडीने कागदात गुंडाळून देतात. आत वालाची भाजी, टोमॅटोचे ‘रुगाय’ आणि मिरचीचा ठेचा. पुरणपोळीतून गूळ काढून तिखट घातले तर जे होईल, तसाच काहीसा प्रकार. गाडीवाला हिंदू असो की मुसलमान, चिनी गिऱ्हाईकही त्याच रांगेत उभे.

गुलामांच्या वंशजांचा नाच-गाणे प्रकार म्हणजे ‘सेगा’. बकऱ्याच्या कातड्याचे रवान हे सपाट वाद्य वाजवण्याआधी जाळावर धरून तापवतात, कातडे ताणले की मगच ठेका धरला जातो. युनेस्कोने २०१४ मध्ये सेगाला आणि २०१६ मध्ये भोजपुरी लग्नगीतांच्या ‘गीत-गवई’ला वारशाच्या यादीत घेतले.

सगळे सुरळीत आहे असे नाही. १९६८ मध्ये स्वातंत्र्याच्या तोंडावर पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमानांत दंगल पेटली. १९९९ मध्ये काया हा गायक पोलिस कोठडीत मरण पावल्यावर पुन्हा दंगे झाले. आदल्याच वर्षी नव्या नोटांवर तमिळच्या आधी हिंदी छापली म्हणून तमिळांनी एवढा निषेध केला, की सरकारला त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. निवडणुकीत ६२ जागा मतांवर भरतात आणि ज्या समाजांना कमी जागा मिळाल्या त्यांच्यासाठी आठ जागा वर देता येतात. त्यासाठी उमेदवाराने आपला समाज सांगायचा: हिंदू, मुसलमान, चिनी, की ‘सर्वसाधारण’. हा हिशेब अजूनही १९७२ च्या जनगणनेवर चालतो, कारण त्यानंतरच्या जनगणनेत समाज विचारणेच बंद झाले.