आफ्रिका आणि आपला उंबरठा

पवनेच्या कांठीं वसलेली रहाटणी हें आमचें राहण्याचें ठिकाण. जेथें पूर्वीं ज्वारी-बाजरीचीं शेतें डोलत तेथें आतां उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत, आणि पिंपरी, आकुर्डी व चाकण येथील कारखान्यांत किंवा हिंजवडीच्या कचेऱ्यांत जाणारीं माणसें त्यांत राहतात. आमचें घर मात्र अद्यापि एकत्र नांदतें. आम्ही तीन बंधु, आमचीं कुटुंबें व वृद्ध मातोश्री अशीं चौदा माणसें एका स्वयंपाकघरांत जेवतों. वरच्या मजल्यावरील दोन खोल्या रिकाम्या झाल्या, तेव्हां त्या भाड्यानें देण्याची पाटी आम्हीं दाराशीं लावली. पुढील सर्व हकीकत त्या पाटीमुळें घडली.

वैशाखांतल्या एका दुपारीं एक तरुण ती पाटी पाहून आंत आला. तो युगांडा देशाचा. पुण्यांत शिकावयास आलेला. बोलणें अत्यंत आर्जवी. अंगणांत माझ्या पुतण्याची बजाजची मोटरसायकल उभी होती. तिच्याकडे पाहून तो हंसला व म्हणाला, "ह्याच कंपनीच्या गाडीवर उतारू वाहून माझ्या मामानें आम्हां चार भावंडांना शाळेंत घातलें. आमच्याकडे तिला बोडा-बोडा म्हणतात." खोल्या त्याला पसंत पडल्या, भाडेंहि मान्य झालें. मीं "घरांत विचारून कळवितों" असें उत्तर दिलें. हें उत्तर त्यानें पूर्वींहि ऐकलें असावें. कारण अधिक कांहीं न बोलतां नमस्कार करून तो निघून गेला. भर उन्हांतून आलेल्या त्या मुलाला पाणी विचारावयाचें राहून गेलें.

रात्रीं जेवणें झाल्यावर घरांत विचार झाला. पण त्याला विचार म्हणणें कठीण. 'शेजारीपाजारी काय म्हणतील', 'त्यांच्या चालीरीति कशा असतील', 'उगाच कशाला' एवढ्यावर तो संपला. त्या मुलाच्या देशाविषयीं एक वाक्यहि आमच्यापैकीं कोणास सांगतां आलें नसतें. दुसरे दिवशीं मीं त्याला फोन केला आणि खोल्या अगोदरच दिल्या गेल्या असें खोटें सांगितलें.

माझ्या थोरल्या बंधूंची कन्या जवळच बसली होती. ती इतिहास विषय घेऊन नुकतीच बी. ए. झालेली. ती म्हणाली, "काका, खोल्या तर रिकाम्याच आहेत." मी गप्प राहिलों. मग तिनें मला आफ्रिकेंतील दहा देशांचीं नांवें विचारलीं. मला सहा आलीं. त्या खंडांत स्वतंत्र राष्ट्रें ५४ आहेत हें मला तिनेंच सांगितलें.

त्या वेळीं घरांत आणखीहि एक प्रश्न तिष्ठत होता. ह्याच मुलीला मुंबई विद्यापीठांत जाऊन आफ्रिकेचा अभ्यास करावयाचा होता, आणि "हा काय विषय झाला? ह्यावर पोट कसें भरणार?" ह्या दादांच्या सवालापाशीं तिचा अर्ज महिनाभर अडकून पडला होता. दादांचें समाधान करावें म्हणून मीं चौकशी आरंभिली. झोंप उडाली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु फोनवर बोललेलें तें खोटें मला बोंचत होतें हेंहि खरें. चौकशींत जें हातीं आलें तें इतर घरांसहि उपयोगी पडेल असें वाटून येथें देत आहें.

विद्यापीठांतील सोय

आपल्या देशांत ह्या विषयाचा पद्धतशीर अभ्यास नवा नाहीं. दिल्ली विद्यापीठांत आफ्रिकाविषयक अभ्यासाचा विभाग इ. स. १९५५ सालीं निघाला. त्या वेळीं आफ्रिकेंतील बहुतेक देश परसत्तेखालीं होते. उद्यां स्वतंत्र होणाऱ्या ह्या शेजाऱ्यांची ओळख असलेलीं माणसें आपल्याकडे आजच तयार व्हावींत, हें त्या उपक्रमाचें मोल. तेथें स्वाहिली भाषाहि शिकवितात. मुंबई विद्यापीठाचें आफ्रिका अभ्यास केंद्र १९७१ सालचें असून तें सांताक्रूझजवळ कलिना येथील विद्यानगरींत आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठांतहि असें केंद्र आहे. इतर ठिकाणीं इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र व भूगोल हे विषय वेगवेगळ्या खोल्यांत शिकविले जातात. येथें ते एका खंडाच्या अनुरोधानें एकत्र येतात. पदव्युत्तर अभ्यास व संशोधन हें ह्या केंद्रांचें मुख्य कार्य. त्याच्या जोडीला व्याख्यानें व चर्चासत्रेंहि होतात आणि बाहेरच्या जिज्ञासूस पुष्कळदां त्यांस जातां येतें. २५ मे हा दिवस 'आफ्रिका दिन' म्हणून पाळतात. कारण १९६३ सालीं त्या दिवशीं अदिस अबाबा येथें आफ्रिकी राष्ट्रांच्या ऐक्यसंघटनेची स्थापना झाली.

आतां पोटाचा प्रश्न. आफ्रिकेची लोकसंख्या दीडशें कोटींच्या आसपास असून तींतील निम्म्याच्या सुमारास माणसें विशीच्या आंतलीं आहेत. अशा तरुण खंडाशीं ज्यांस व्यापार करावयाचा त्यांस तेथील भाषा, कायदे व समाज जाणणारीं माणसें लागणारच. मुंबईंत मुख्य कचेरी असलेली एक्झिम बँक आफ्रिकी देशांस कर्ज देते. आकुर्डीच्या बजाज कंपनीच्या मोटरसायकली तेथील कित्येक देशांत उतारूंची ने-आण करतात. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्यें तयार झालेली, मेंदूच्या आवरणास सूज आणणाऱ्या ज्वरावरील लस डिसेंबर २०१० मध्यें बुर्किना फासो देशांत प्रथम मोठ्या प्रमाणावर टोंचली गेली, आणि पुढील दहा वर्षांत ३० कोटींहून अधिक आफ्रिकी लोकांस तिचें संरक्षण मिळालें. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साहाय्यानें तेथेंच तयार झालेली हिंवतापावरील लस जुलै २०२४ मध्यें आयव्हरी कोस्ट देशांतील बालकांस देण्यास सुरुवात झाली. आमच्या घरापासून जवळच असलेल्या औंधच्या लष्करी तळावर मार्च २०१९ व मार्च २०२३ मध्यें भारतीय व आफ्रिकी सैन्यांचे संयुक्त सराव झाले. सप्टेंबर २०२३ मध्यें दिल्लीच्या परिषदेंत आफ्रिकी संघास 'जी-२०' राष्ट्रगटाचें कायम सभासदत्व मिळालें, आणि त्याच वर्षीं मद्रासच्या आय. आय. टी.नें झांझीबार बेटावर आपली शाखा उघडली. हें सर्व वाचून दाखविल्यावर दादा म्हणाले, "म्हणजे कारखाना आमच्या दाराशीं, गिऱ्हाईक तिकडे, आणि मधली माहिती कोणालाच नाहीं." सवाल त्यांचाच होता, आणि उत्तरहि त्यांनींच दिलें.

आपल्या माणसांची वाट

तथापि केवळ नोकरीसाठीं म्हणून ह्या विषयाची शिफारस करणें मला अपुरें वाटतें. आपल्या वडीलधाऱ्यांनीं आफ्रिकेची वाट नोकरीसाठीं धरली नव्हती.

फर्ग्युसन महाविद्यालयाचे एके काळचे प्राध्यापक नामदार गोखले हे १९१२ च्या ऑक्टोबरांत केप टाऊन येथें उतरले. दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी मजुरांचीं दुःखें प्रत्यक्ष पाहावींत हा त्यांचा हेतु. त्या प्रवासांतील एक प्रसंग गांधीजींनीं स्वतः लिहून ठेवला आहे. जोहान्सबर्गला कोंकणी मुसलमान व महाराष्ट्रीय श्रोते बरेच होते. तेव्हां गोखल्यांनीं त्यांच्यापुढें मराठींत बोलावें आणि आपण त्याचें हिंदुस्थानींत भाषांतर करूं, अशी सूचना गांधीजींनीं केली. गांधीजींचें मराठीचें ज्ञान तें केवढें! गोखल्यांना हंसूं आवरेना. पण भाषण झालें, भाषांतरहि साधलें, आणि झांझीबारला पोंचेपर्यंत हा परिपाठ चालू राहिला. एका पुणेरी विद्वानाचें मराठी आफ्रिकेच्या भूमीवर असें घुमलें.

दुसरें उदाहरण आप्पासाहेब पंत यांचें. हे औंधचे, पण आमच्या शेजारचें औंध नव्हे, तर सातारा भागांतील संस्थानचें. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे त्यांचे वडील. राजपुत्र असूनहि प्रजेच्या हातीं सत्ता देणाऱ्या १९३९ च्या औंधच्या प्रयोगांत त्यांनीं मनापासून भाग घेतला. १९४८ सालीं स्वतंत्र भारताचे ब्रिटिश पूर्व आफ्रिकेंतील पहिले कमिशनर म्हणून ते नैरोबीस गेले आणि १९५४ पर्यंत तेथें राहिले. गोऱ्यांच्या क्लबांपेक्षां आफ्रिकी पुढाऱ्यांच्या घरीं त्यांचें जाणेंयेणें अधिक. पुढें केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले जोमो केन्याटा हे त्यांच्या स्नेह्यांपैकीं एक. ही जवळीक तेथील ब्रिटिश अधिकाऱ्यांस रुचली नाहीं. आफ्रिकी तरुणांनीं भारत सरकारच्या शिष्यवृत्ति घेऊन आपल्या विद्यापीठांत शिकावें म्हणून आप्पासाहेबांनीं खटपट केली. त्या काळीं निघालेल्या त्या पायवाटेनेंच आमच्या दाराशीं आलेला तो युगांडाचा मुलगा आला होता, हें लक्षांत आल्यावर मला खरोखर लाज वाटली.

तिसरी गोष्ट तर पुण्यांतलीच. फर्ग्युसनमधील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शां. ब. मुजुमदार यांनीं वसतिगृहाच्या खिडकींतून एका मुलाला कांहीं देत असलेली एक मुलगी पाहिली. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, तो मॉरिशसचा विद्यार्थी काविळीनें आजारी होता, आणि त्याला परक्या शहरांत अन्न आणून देणारें तिच्यावांचून कोणी नव्हतें. मुजुमदारांच्या मनाला जें लागलें त्यांतून १९७१ सालीं 'सिंबायोसिस' संस्थेचा जन्म झाला. त्याच वर्षीं मुंबईचें आफ्रिका अभ्यास केंद्र निघालें हा योगायोग खरा. एका ठिकाणीं ग्रंथांतून ओळख सुरू झाली, दुसऱ्या ठिकाणीं एका डब्यांतून.

आणि मागें जावयाचें तर मलिक अंबरापर्यंत जावें लागेल. अबिसीनियांत जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष निजामशाहीचा कारभारी झाला; मोगलांशीं तो १६२६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, झुंजला; खडकी शहर त्यानें वसविलें आणि जमिनीची प्रत पाहून सारा ठरविण्याची त्याची पद्धति दख्खनेंत नांवाजली गेली. मालोजी व शहाजी हे भोसले त्याच निजामशाहीचे सरदार. आपल्या शाळेंतील इतिहासांतहि, म्हणजे, आफ्रिका होतीच. आम्हीं तिच्याकडे त्या दृष्टीनें पाहिलें नव्हतें.

स्वयंपाकघरांतील आफ्रिका

हें सर्व मी एके रात्रीं ओसरीवर वाचून दाखवीत होतों. मातोश्री ऐकत होत्या. पण राजकारणांत त्यांचें मन रमेना. तेव्हां पुतणीनें आपली वही काढली व म्हणाली, "आजी, तुझी ज्वारी मूळची आफ्रिकेंतली." आईला तें खरें वाटेना. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञांचा निर्णय तसाच आहे. ज्वारीची लागवड प्रथम सुदानच्या बाजूस झाली, बाजरीची सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील पट्ट्यांत, आणि नाचणीची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागांत. तेथून हीं धान्यें हजारों वर्षांपूर्वीं आपल्याकडे आलीं. चवळी, चिंच व कलिंगड हींहि त्याच खंडांतलीं.

धान्यांबरोबर शब्दांचीहि देवघेव झाली. हिवाळ्यांत ईशान्येचे वारे धरून आपल्या बाजूचीं गलबतें आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागत आणि नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले कीं परत फिरत. झांझीबारास आपले जुने लोक जंगबार म्हणत. अरबी व फारसी शब्द त्या किनाऱ्यावर जसे उतरले तसेच आपल्याकडेहि उतरले. त्यामुळें स्वाहिलींत सरकारला 'सेरिकाली', हिशेबाला 'हेसाबू', कारणाला म्हणजे आपल्या सबबीला 'सबाबू', वकिलाला 'वकीली', दफ्तराला 'दफ्तारी' आणि खबरीला 'हबारी' म्हणतात. गाडी ही आपल्याकडून गेली व 'गारी' झाली. जी भाषा आपण कधीं ऐकली नाहीं असें समजतों तिच्यांतले इतके शब्द आमच्या कचेरींतले निघावेत याची मला मौज वाटली.

आईला मात्र मौज वाटली नाहीं. थोडा वेळ ती स्वस्थ बसली व मग म्हणाली, "म्हणजे जन्मभर त्यांच्या धान्याची भाकरी खाल्ली, आणि तो पोर उन्हाचा आला त्याला तुम्हीं पाणीसुद्धां विचारलें नाहीं." ह्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

दुसरे दिवशीं मीं त्या तरुणाला पुन्हां फोन केला, खोल्या दिल्या नव्हत्या हें सांगितलें आणि क्षमा मागितली. तोंपर्यंत त्याची सोय काळेवाडीस, आपल्याच तीन देशबांधवांबरोबर झाली होती. त्यानें राग धरला नाहीं. एवढेंच म्हणाला कीं, खरें सांगणारे आपण पहिलेच. येत्या रविवारीं जेवावयास यावें असें मीं आमंत्रण दिलें आणि तो आला. आईनें मुद्दाम नाचणीची भाकरी केली होती. एक घांस घेतल्यावर तो थांबला. ह्याच धान्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा त्यांच्या घरीं करतात, त्याला 'कालो' म्हणतात आणि त्याची आजी तो टोपलींत झांकून ठेवते, असें त्यानें सांगितलें. भाषा येत नसतांहि आईनें त्याची कृति हातवाऱ्यांनीं विचारून घेतली. मध्यें दुभाषी म्हणून पुतणी बसली होती.

तिच्या अर्जावर दादांनीं सही केली आहे. मुंबईच्या वसतिगृहाचा खर्च कसा भागवावयाचा हा प्रश्न अजून सुटलेला नाहीं. परंतु राष्ट्रीय पात्रता परीक्षेंत उत्तम गुण मिळविणाऱ्यास पुढें संशोधनवेतन मिळतें, तेव्हां तोंपर्यंतचीं वर्षें तिघां बंधूंनीं मिळून काढावयाचीं असें ठरलें आहे.

खोल्यांची पाटी दाराशीं तशीच आहे. ती पाहून कोणीहि आलें तरी प्रथम पाणी नेऊन देण्याचें काम आईनें माझ्याकडे सोंपविलें आहे.