दुचाकीची टाकी गंजून पेट्रोल गळतंय? बाहेरून लांबी लावण्याआधी आतला गंज काढा

गोंदिया : जून-जुलै लागला की धानाच्या पट्ट्यात दुचाकीला उसंत नसते. पऱ्ह्यांच्या पेंढ्या, खताची बॅग, रोवणीच्या बायांचा डबा, सगळा भार तिच्यावरच. रात्री मात्र ती सपरीच्या कडेला नाहीतर झाडाखाली पावसात उभी. अशातच एक दिवस पेट्रोलचा वास येतो आणि टाकीखाली हात लावला की बोटं ओली होतात. बहुतेक जण त्या जागी साबण घासतात नाहीतर लांबी भरतात. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, त्यामुळे गॅरेजपर्यंत जाण्यापुरता हा उपाय चालतो. पण काही दिवसांनी गळती पुन्हा सुरू होते, कारण टाकी बाहेरून नाही, आतून खाल्ली गेलेली असते.

गंज आतून का लागतो?

पेट्रोलने पत्रा गंजत नाही, पाण्याने गंजतो. टाकीत पाणी तीन वाटांनी येतं.

पहिली वाट झाकणाची. बऱ्याच गाड्यांच्या झाकणाभोवती खळगा असतो. त्यातलं पावसाचं पाणी खाली जावं म्हणून एक बारीक छिद्र दिलेलं असतं. ते चिखलाने बुजलं आणि झाकणाचं रबर कडक झालं असेल, तर पाणी सरळ टाकीत उतरतं.

दुसरी वाट हवेची. टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या जागेत दमट हवा भरते. रात्री पत्रा गार पडला की आतून दव धरतं.

तिसरी वाट पेट्रोलचीच. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. देशात हे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेलं. ऊस, मका आणि तांदळापासून बनणारं हे इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी त्यात मिसळून जळून जातं. पण पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं. सगळा दोष इथेनॉलवर टाकता येणार नाही, टाक्या आधीही गंजतच होत्या. मात्र गाडी महिनोन्‌महिने उभी राहत असेल तर काळजी जास्त घ्यावी लागते.

कॉकच्या नळीचं तोंड तळापासून थोडं वर असतं. त्यामुळे तळाचं पाणी बाहेर निघतच नाही आणि खालचे कोपरे सर्वात आधी सडतात.

आधी तपासून घ्या

टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि १५ मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर दिसला तर पाणी आहे. मग दिवसाउजेडी झाकण उघडून आत बघा. बॅटरी लागलीच तर साधी टॉर्च घ्या. माचिस किंवा लायटर पेटवून टाकीत बघण्याचा विचारही करू नका.

रिकामी टाकी जास्त धोक्याची

पेट्रोल काढलं म्हणजे धोका संपला, असं अनेकांना वाटतं. खरं उलटं आहे. भरलेल्या टाकीत हवा कमी असते. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळते आणि तेच मिश्रण ठिणगी पडताच फुटतं. म्हणून रिकामी केलेली टाकी तशीच वेल्डिंगला नेऊ नका, आणि नेली तर मिस्त्रीला तिच्यात पेट्रोल होतं हे आधी सांगा.

ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीवरून सरकत जाते. अंगणात टाकी उघडी ठेवली आणि पलीकडे चूल पेटलेली असेल, तर वाफ चुलीपर्यंत पोहोचू शकते. काम उघड्यावर करा. जवळ चूल, बिडी, देवाचा दिवा, तणसाचा ढीग आणि लेकरं नकोत. काढलेलं पेट्रोल झाकणाच्या डब्यात भरून घराबाहेर सावलीत ठेवा. ते नालीत, विहिरीजवळ किंवा बांधीत ओतू नका. जवळ वाळूची बादली ठेवा, कारण पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं की आग पसरते.

गंज काढायची पद्धत

१. बॅटरीची वायर सोडा. टाकी उतरवून कॉक आणि झाकण काढा. कॉकचं तोंड रबर आणि पत्र्याची पट्टी लावून घट्ट बंद करा.

२. कपडे धुण्याची पावडर आणि पाणी टाकून टाकी तीन-चार वेळा खळखळून धुवा. पेट्रोलचा वास पूर्ण गेला पाहिजे.

३. गंजाची पापडी सुटावी म्हणून आत मूठभर छोटे नट टाकून टाकी हलवा. नट मोजून टाका आणि मोजूनच काढा.

४. किराणा दुकानातलं लिंबूसत घ्या. एक लिटर कोमट पाण्याला साधारण ५० ग्रॅम, म्हणजे १० लिटरच्या टाकीला अर्धा किलो. टाकी तोंडापर्यंत भरून एक रात्र ठेवा. झाकण घट्ट लावू नका, आत गॅस तयार होतो. हे पाणी रंगावर सांडलं तर लगेच पुसा. संडास धुण्याचं ॲसिड वापरू नका. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं आणि त्याची वाफ छातीला लागते.

५. पाणी काढून टाकी धुवा. मग खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा, म्हणजे उरलेला आंबटपणा मरतो. पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवा.

६. आता वेळ घालवू नका. उघडा पडलेला ओला पत्रा बघता बघता पुन्हा लाल होतो. पंक्चरच्या दुकानात हवा मारून घ्या, उन्हात पूर्ण सुकवा आणि आत थोडं इंजिन ऑइल फिरवून जास्तीचं काढून टाका.

छिद्र कसं बुजवायचं?

गंज निघाल्यावर टाकीत पाणी भरा आणि बाहेरून खडूची पूड लावा. जिथे पूड ओली होते तिथे छिद्र. पत्रा सुईच्या टोकाएवढाच फुटला असेल तर टाकी सुकवून आजूबाजूला इंचभर रंग पॉलिश पेपरने घासा आणि चकचकीत पत्रा उघडा करा. त्यावर पेट्रोल सहन करणारं, दोन भाग मिसळून लावायचं इपॉक्सी दाबून भरा. पाकिटावर पेट्रोलच्या टाकीला चालतं असं लिहिलेलं बघूनच घ्या. २४ तास सुकू द्या. आधी रात्रभर पाणी भरून तपासा, मग पुन्हा सुकवून तेल फिरवा आणि पेट्रोल भरा.

हे घरी करू नका

अंगठ्याने दाबल्यावर पत्रा दबत असेल, छिद्रं अनेक असतील किंवा जोडावर गळत असेल, तर टाकी बदलणंच बरं. पितळी जोड द्यायचा असेल तर जाणत्या मिस्त्रीकडेच जा. तो टाकी गरम पाण्याने वारंवार धुतो आणि वाफेला जागा उरू नये म्हणून आत पाणी भरूनच काम करतो.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी बहुतेकांत इंजेक्शनचा पंप टाकीच्या आतच असतो. पाइपात दाबाने पेट्रोल असतं. अशी टाकी घरी उघडू नका.

भाजलंच तर त्या जागेवर २० मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नका. १०८ ला फोन करा.

पुन्हा गंज लागू नये म्हणून

पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा. झाकणाचं रबर बदला, खळग्यातलं छिद्र बारीक तारेने मोकळं करा. पहिल्या महिन्यात कॉकची जाळी दोनदा साफ करा, सुटलेला गंज तिथेच अडकतो. रबरी पाइपला चिरा दिसल्या तर तोही बदला. टाकी नीट होऊन पाइपातून गळती सुरू राहिली, तर गरम सायलेन्सरवर पडणारा थेंब तेवढाच धोक्याचा असतो.