ग्रे सारखेच, परिणाम वेगळा

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात राजस्थानच्या दूरदूरच्या गावांतून माणसं ‘सिकाई’ला येतात. आपल्याकडे ज्याला शेक किंवा लाईट देणं म्हणतात, तेच हे रेडिएशन. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला नेहमीचा डोस ७० ग्रे. रोज २ ग्रे, आठवड्याचे पाच दिवस, अशा ३५ बैठका. म्हणजे गाव सोडून सात आठवडे. मग नातेवाईक विचारतात, ‘रोज थोडं जास्त देऊन लवकर नाही का उरकणार?’ प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मशीनकडे नाही, पेशीकडे आहे.

एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा मुरली की तो एक ग्रे. हे झालं भौतिक माप. त्या ऊर्जेने पेशी मरेल की सावरेल, हे ते माप सांगत नाही. किरणांमुळे डीएनए तुटतो. काही घाव एका फटक्यातच जिव्हारी लागतात, त्यांचं प्रमाण डोसबरोबर सरळ वाढतं. काही घाव दोन-दोन जुळले तरच मारक ठरतात, ते डोसच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. या दोहोंचं नातं सांगणारा आकडा म्हणजे अल्फा-बीटा गुणोत्तर. घशाच्या गाठीसाठी तो साधारण १० धरतात, आणि जिथे दुष्परिणाम महिन्या-वर्षांनी दिसतात अशा निरोगी ऊतींसाठी ३.

आता हिशेब मांडू. जैविक परिणाम म्हणजे एकूण डोस गुणिले (१ अधिक रोजचा डोस भागिले अल्फा-बीटा). ७० ग्रे ३५ बैठकांत दिले तर गाठीवरचा जैविक परिणाम ८४ आणि निरोगी ऊतींवरचा सुमारे ११७. तेच ७० ग्रे २० बैठकांत, रोज साडेतीन ग्रेने दिले, तर गाठीवर ९४.५ आणि निरोगी ऊतींवर जवळपास १५२. गाठीवर साडेबारा टक्के जास्त मारा, पण त्यासाठी ३० टक्के जास्त इजा. म्हणून रोजचा डोस वाढवून घाई करायची असेल तर एकूण डोस उतरवावा लागतो, आणि किती उतरवायचा ते याच सूत्रातून निघतं.

हाच विचार पुढे प्लॅनिंगच्या संगणकात शिरतो. सीटी स्कॅनवर डॉक्टर गाठ, लाळग्रंथी, मज्जारज्जू यांच्या सीमा आखतात, भौतिकशास्त्रज्ञ संगणकाला उद्दिष्टं देतो आणि संगणक किरणांची रचना शोधतो. जुनी पद्धत म्हणजे ‘इतक्या टक्के भागाला इतक्या ग्रेपेक्षा जास्त नको’ अशा अटी घालणं. जैविक पद्धतीत अवयवाचा स्वभाव विचारात घेतात. समजा, एका अवयवाच्या अर्ध्या भागाला ५० ग्रे आणि उरलेल्या अर्ध्याला शून्य मिळाले. सरासरी २५. लाळग्रंथीला हे बरंचसं चालतं, कारण वाचलेला भाग लाळ बनवत राहतो. मज्जारज्जू मात्र माळेसारखा आहे, एका जागी तुटला की सगळा गेला. त्याच्यासाठी तोच डोस गणितात ४८च्याही पुढे मोजला जातो. गाठीच्या बाबतीत उलट, तिथे सर्वांत कमी डोस मिळालेला कोपरा निर्णायक, कारण कॅन्सर तिथूनच परततो. अँड्र्झेय निएमिएर्को यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या ‘समतुल्य एकसमान डोस’च्या सूत्रात एकच घातांक बदलून हे तिन्ही स्वभाव बसवता येतात. मला हे त्या सूत्राचं खरं सौंदर्य वाटतं.

पण त्यातले आकडे बरेचसे पाश्चात्त्य रुग्णांच्या नोंदींतून आले आहेत. निरोगी अवयवांना किती डोस चालतो हे सांगणाऱ्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या क्वांटेक अहवालातली मर्यादा, दोन्ही बाजूंच्या मोठ्या लाळग्रंथींची सरासरी २५ ग्रेखाली, हीदेखील तशीच. तंबाखूने पोळलेल्या, कुपोषित रुग्णाला ती तंतोतंत लागू पडेलच असं नाही. माझ्या मते, दोन प्लॅनमधला बरा कोणता हे ठरवायला ही मॉडेल्स उत्तम आहेत, पण एका रुग्णाचं भविष्य टक्क्यांत सांगायला ती वापरू नयेत. हा विवेक राखायला जाणकार माणूस लागतो. अशी माणसं जयपुरात आहेत: सवाई मानसिंग (एसएमएस) मेडिकल कॉलेजात रेडिओलॉजिकल फिजिक्सचा विभाग आहे. त्याचे प्रमुख राहिलेले डॉ. अरुण चौगुले आशिया-ओशनियातल्या वैद्यकीय भौतिकशास्त्र संघटनांच्या महासंघाचे अध्यक्ष होते.

जैविक परिणामाच्या त्या पहिल्या सूत्रात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे वेळ. साधारण चार आठवड्यांनंतर उरलेल्या कॅन्सरपेशी झपाट्याने वाढू लागतात आणि रोजच्या डोसमधले सुमारे ०.६ ग्रे नुसती ही वाढ भरून काढण्यात खर्ची पडतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने नऊ केंद्रांतल्या ९०८ रुग्णांवर चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०१० साली आले. रोजचा आणि एकूण डोस तोच, फक्त आठवड्याला पाचऐवजी सहा बैठका. पाच वर्षांनी आजार आटोक्यात राहिलेल्यांचं प्रमाण ३० वरून ४२ टक्क्यांवर गेलं.

तेव्हा घरात कुणाचं रेडिएशन चालू असेल, तर सण, लग्न किंवा पेरणीसाठी मधला दिवस चुकवू नका. चुकलाच, तर लपवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. शनिवारी बैठक घेऊन, किंवा किमान सहा तासांच्या अंतराने दिवसात दोनदा देऊन तो खंड बऱ्याचदा भरून काढता येतो.