हुकरच्या जागी किकर

२८ ऑक्टोबर २०२३. कोजागरीची रात्र, आणि नेमकं त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. ग्रहणाचे वेध दुपारपासूनच लागणार, म्हणून आमच्या सोसायटीने मसाला दुधाचा कार्यक्रम आदल्या दिवशीच उरकून घेतला होता. गच्ची रिकामी होती आणि मी वेगळ्याच कारणासाठी जागा होतो. आपल्या घड्याळात साडेबारा वाजता पॅरिसजवळच्या स्टाड द फ्रान्स मैदानावर रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होणार होता. दक्षिण आफ्रिका विरुद्ध न्यूझीलंड. तिथे पाऊस पडत होता.

सामना सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नसतील, तोच दक्षिण आफ्रिकेचा हुकर बोंगी म्बोनाम्बी गुडघ्याला मार लागून बाहेर गेला. त्याच्या जागी मैदानात उतरला डिऑन फूरी. वय ३७. संघात त्याची नोंद फ्लँकर म्हणून होती. उमेदीच्या काळात तो हुकर म्हणून खेळला होता, पण ती जागा सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती. देशासाठी पहिला सामना खेळला तोच मुळी पस्तिसाव्या वर्षी. आता विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातली उरलेली पंचाहत्तर मिनिटं त्याला हुकरच्या जागेवर काढायची होती, कारण राखीव खेळाडूंत दुसरा हुकर नव्हताच. हे अपघाताने घडलेलं नव्हतं. सहा आठवड्यांपूर्वी निवड करणाऱ्यांनी जाणूनबुजून घेतलेला धोका आता समोर येऊन उभा ठाकला होता.

हा धोका केवढा, ते कळायला हुकरचं काम माहीत हवं. रग्बी युनियनमध्ये एका बाजूला पंधरा जण. एक ते आठ क्रमांकाचे फॉरवर्ड, नऊ ते पंधरा क्रमांकाचे बॅक. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ फॉरवर्ड वाकून एकमेकांना खांदे भिडवतात आणि रेटतात. एका बाजूचं वजन नऊशे किलोंच्या आसपास भरतं. पहिल्या ओळीत डावीकडे एक प्रॉप, उजवीकडे एक प्रॉप आणि मधोमध हुकर. त्याचे दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर अडकलेले, मान समोरच्या फळीत घुसलेली, आणि तशा अवस्थेत पायाने चेंडू मागे ओढायचा. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की लाइनआउट होतो. तिथेही चेंडू फेकण्याचं काम बहुतेक वेळा हुकरचंच. दोघा साथीदारांनी हवेत उचलून धरलेल्या गड्याच्या हातात तो नेमका पडला पाहिजे. पावसात, ओल्या चेंडूने. सराव सुटला की हातखंडा जातो, आणि त्या रात्री दक्षिण आफ्रिकेचे लाइनआउट पुन्हा पुन्हा बिघडत होते.

पहिल्या ओळीतल्या जागा कुणालाही देता येत नाहीत, याचं कारण साधं आहे: मान मोडू शकते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय सामन्यात आठ राखीव खेळाडूंपैकी तिघे पहिल्या ओळीत खेळू शकणारे असावे लागतात. मग मुळात दोनच खास हुकर असलेल्या संघाकडे अंतिम सामन्यात एकच का उरला?

दुसरा हुकर माल्कम मार्क्स. जगातल्या सर्वोत्तम हुकरांपैकी एक. विश्वचषकातल्या पहिल्या सामन्यानंतर सरावात त्याचा गुडघा गेला. ३३ जणांच्या संघात बदली खेळाडू घेण्याची मुभा होती, आणि हुकरच्या जागी हुकरच येईल असं साऱ्यांनी गृहीत धरलं होतं. प्रशिक्षक जाक निएनाबर आणि रग्बी संचालक रासी इरास्मस यांनी बोलावलं हान्द्रे पोलार्डला. पोलार्ड फ्लाय-हाफ, म्हणजे दहा नंबर. चाली ठरवणारा आणि गोलखांबांमधून चेंडू मारून गुण मिळवणारा. हुकरच्या जागी किकर! दक्षिण आफ्रिकेत त्यावर जी चर्चा पेटली, ती थेट अंतिम सामन्यापर्यंत विझली नाही.

पोलार्ड हा २०१९च्या विश्वविजयातला नायक. पण पोटरीच्या दुखापतीमुळे ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या संघात त्याचं नाव नव्हतं. गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून उठलेला कर्णधार सिया कोलिसी मात्र संघात होता. खास दहा नंबर म्हणून एकटा मानी लिबोक होता आणि स्क्रम-हाफ, म्हणजे नऊ नंबर, तब्बल चार. लिबोकची नजर विलक्षण. स्कॉटलंडविरुद्ध त्याने एकीकडे बघत दुसरीकडे चेंडू मारला, तो थेट कर्ट-ली अरेन्डसेच्या हातात पडला आणि त्याने ट्राय केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवला. प्रतिस्पर्धी कुठे कमी आहेत, हे लिबोकला पाठ फिरवूनही कळतं. पण स्थिर चेंडूवरची त्याची किक भरवशाची नव्हती. आयर्लंडविरुद्ध दक्षिण आफ्रिका १३-८ अशी हरली तेव्हा लिबोक आणि फाफ द क्लेर्क यांनी मिळून किकवरचे ११ गुण गमावले होते. हार पाच गुणांची.

मग यातला चांगला दहा नंबर कोण? ह्या प्रश्नाने किती घरांत, किती खानावळींत जेवणं गार झाली असतील! मला मात्र प्रश्नच चुकीचा मांडला जातोय असं वाटत होतं. आपल्या मनात निवडीचं एक चित्र पक्कं बसलेलं असतं आणि ते दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीचं असतं. सर्वांत जास्त गुणांचे पहिले इतके आत, बाकीचे बाहेर. निवड समितीने ही यादी प्रामाणिकपणे वाचून दाखवायची, एवढंच तिचं काम. रग्बीचा संघ असा बनत नाही. तो एका विशिष्ट प्रतिस्पर्ध्यासमोरच्या ऐंशी मिनिटांसाठी बांधावा लागतो. त्यात साठाव्या मिनिटाला काय लागेल याचा विचार पहिल्या मिनिटाइतकाच महत्त्वाचा असतो.

राखीव खेळाडूंचा वाद हे त्याचं उत्तम उदाहरण. आठ राखीवांत पाच फॉरवर्ड आणि तीन बॅक, अशी रूढ वाटणी होती. इरास्मसने २०१९मध्ये सहा-दोन केली. ताज्या दमाचे सहा धिप्पाड गडी उत्तरार्धात आत सोडायचे, म्हणून त्यांना 'बॉम्ब स्क्वॉड' असं नाव पडलं. विश्वचषकाच्या तोंडावर, २५ ऑगस्ट २०२३ला लंडनच्या ट्विकनहॅमवर न्यूझीलंडशी सामना होता. राखीव बॅक विली ल रू ऐनवेळी दुखावला आणि त्याच्या जागी क्वागा स्मिथ हा फॉरवर्ड घेतला गेला. सात-एक! दक्षिण आफ्रिका ३५-७ अशी जिंकली. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाची तोवरची ती सर्वांत मोठी हार. हे खेळाच्या भावनेला धरून नाही, थकलेल्यांवर ताजी फौज सोडणं धोक्याचं आहे, अशी टीका झाली. टीका अगदीच पोकळ नव्हती; रग्बीत डोक्याच्या दुखापतींची काळजी खरी आहे. पण नियमांत ते बसत होतं, आणि उलटा धोका दक्षिण आफ्रिकेनेच पत्करला होता. दोन बॅक जायबंदी झाले असते, तर दुसऱ्याच्या जागी कुणाला तरी अनोळखी कामाला जुंपावं लागलं असतं. अंतिम सामन्यातही सात-एक. राखीवांत स्क्रम-हाफ एकही नाही, आणि लिबोक तर तेवीस जणांतही नाही.

त्याआधीच्या उपांत्य सामन्यात, इंग्लंडविरुद्ध, लिबोकला एकतिसाव्या मिनिटालाच बाहेर घेतलं गेलं होतं. पूर्वार्ध संपायचीही वाट पाहिली नाही. खेळाडूच्या वाट्याला याहून उघडा अपमान कोणता? तो गप्प बाहेर गेला आणि पोलार्ड आत आला. शेवटची तीन मिनिटं उरली असताना स्क्रमवर दक्षिण आफ्रिकेला पेनल्टी मिळाली. खांब जवळपास ४९ मीटर लांब. पोलार्डने चेंडू टेकवला, मागे सरकला, एकदा खांबांकडे पाहिलं आणि मारला. १६-१५. उपांत्यपूर्व सामना फ्रान्सविरुद्ध २९-२८. आणि कोजागरीच्या त्या रात्री १२-११, चारही पेनल्टी पोलार्डच्या. इकडे आकाशात चंद्राची कड काळवंडून पुन्हा उजळत होती आणि तिकडे फूरी अजून स्क्रममध्ये वाकत होता. पीटर-स्टेफ द्यू टॉइटने एकट्याने २८ टॅकल केले. बाद फेरीचे तिन्ही सामने एकेका गुणाने जिंकून दक्षिण आफ्रिकेने चौथा विश्वचषक उचलला.

जिंकल्यामुळे निवड बरोबर ठरली, असं मी म्हणणार नाही. न्यूझीलंडची शेवटच्या मिनिटांतली एक पेनल्टी खांबाबाहेरून गेली. ती आत गेली असती, तर हाच लेख वेगळा लिहिला गेला असता. मला भावतं ते एवढंच की त्या निवडीत 'श्रेष्ठ कोण' यापेक्षा 'कशासाठी कोण' हा विचार होता. आणि दक्षिण आफ्रिकेत हा विचार केवळ हुकर-किकरपुरता राहू शकत नाही.

त्या देशात राष्ट्रीय संघाची निवड जवळपास शतकभर कातडीच्या रंगावर झाली. गोऱ्यांनाच 'स्प्रिंगबॉक', म्हणजे राष्ट्रीय संघाचा खेळाडू, होता येई. बंदी स्वतःच्या संघापुरतीच नव्हती. न्यूझीलंडने दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर येताना माओरी खेळाडू आणू नयेत अशी अपेक्षा असे, आणि न्यूझीलंड ती मान्य करी. १९२८च्या दौऱ्यातून जॉर्ज नेपियासारखा अलौकिक खेळाडू केवळ माओरी म्हणून वगळला गेला. १९६०मध्ये न्यूझीलंडमध्ये 'माओरी नाहीत तर दौरा नाही' म्हणत दीड लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. तरी संघ गेला, तोही माओरींविना. आपल्या देशानेही किंमत मोजली आहे. १९७४मध्ये भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि समोर दक्षिण आफ्रिका आहे म्हणून खेळलाच नाही.

वर्णभेदाच्या काळात एक समज पसरवला गेला आणि तो अजून पुरता गेलेला नाही: काळे लोक फुटबॉल खेळतात, रग्बी गोऱ्यांची. हे धादांत खोटं आहे. ईस्टर्न केपमधल्या खोसा वस्त्यांमध्ये रग्बी एकोणिसाव्या शतकापासून खेळली जाते. क्लब होते, चषक होते, पिढ्यान्‌पिढ्या खेळणारी घराणी होती. नव्हतं ते हिरवळीचं मैदान, आणि निवड समितीचा डोळा.

पहिला कृष्णवर्णीय स्प्रिंगबॉक एरल टोबायस १९८१मध्ये कसोटी खेळला. १९९५च्या ज्या विश्वविजयात नेल्सन मंडेला सहा नंबरची जर्सी घालून मैदानात आले, त्या संघात एकच कृष्णवर्णीय होता, चेस्टर विल्यम्स. तोही आधी दुखापतीमुळे बाहेर होता. कॅनडाविरुद्धच्या मारामारीबद्दल पीटर हेन्ड्रिक्सवर बंदी आली, म्हणून तो परत आला आणि उपांत्यपूर्व सामन्यात त्याने चार ट्राय केले. फलकांवर त्याचा चेहरा देशभर झळकत होता. संघातल्या काहींच्या वंशभेदी वागण्याबद्दल तो बऱ्याच वर्षांनी बोलला.

पुढे लक्ष्यं आली: २०१९पर्यंत संघात निम्मे खेळाडू कृष्णवर्णीय असावेत. लगेच 'गुणवत्ता की आरक्षण' हा वाद सुरू झाला. त्यातलं एकेक वाक्य मराठी वाचकाला तोंडपाठ असेल. २०१५मध्ये कृष्णवर्णीय पुरेसे नसलेल्या संघाला विश्वचषकाला जाऊच देऊ नये म्हणून एक लहान पक्ष न्यायालयात गेला. दुसऱ्या बाजूला, संघात आलेल्या प्रत्येक काळ्या खेळाडूकडे 'हा कोट्यातला' म्हणून बघितलं जाऊ लागलं. दोन्हीकडच्यांना ती गुणवत्ता यादीच दिसत होती. यादीत नाव येण्याआधी पोराला काय काय लागतं, इकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये बाळू पालवणकरांनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद जातीमुळे त्यांना कधी मिळालं नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळायला १९२३ साल उजाडावं लागलं. बाळू गोलंदाज म्हणून संघाला हवे होते, पुढारी म्हणून नको होते. म्हणूनच २०१८मध्ये सिया कोलिसी कसोटी संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार झाला, ती बातमी वाचताना मला पालवणकर आठवले.

कोलिसी झ्वीडे या वस्तीत आजीकडे वाढला. पहिल्या मोठ्या चाचणीला गेला तेव्हा खेळायची पँट नव्हती, म्हणून बॉक्सर शॉर्ट्समध्ये खेळला. शिष्यवृत्ती मिळून तो ग्रे हायस्कूलमध्ये गेला. तिथे पोटभर अन्न होतं, मैदान होतं, प्रशिक्षक होते. २०१९च्या सुरुवातीला तो म्हणाला की रंगावर निवड झालेली आपल्याला आवडणार नाही, आणि मंडेलांनाही कोटा पटला नसता. त्यावर त्याच्याच लोकांनी त्याला धारेवर धरलं. पण त्याच मुलाखतीत तो वस्त्यांपासून बदल करायला हवा असंही म्हणाला होता. चांगल्या शाळेत गेलो नसतो, पोटात अन्न नसतं, तर कसला खेळाडू आणि कसली निवड? मला त्याचं म्हणणं अर्धं पटतं. वस्तीपासून सुरुवात हवीच. पण वरून रेटा नसेल, तर वस्तीत बघायला कोण जातं? लक्ष्य नसतं, तर प्रशिक्षकांनी नामांकित रग्बी शाळांच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकलं असतं का?

त्या कुंपणाबाहेरून आलेला एक गडी म्हणजे माकाझोले मापिम्पी. ईस्टर्न केपमधल्या त्सोलोम्न्क्वा गावचा. ना नामांकित शाळा, ना शिष्यवृत्ती. प्रांतिक संघांतून धावत धावत राष्ट्रीय संघात पोचला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होत आला होता. २०१९च्या विश्वचषकात खेळाडूंच्या जर्सीवरच्या आकड्यांत त्यांच्या माणसांचे छोटे फोटो छापायचं ठरलं. कुणी आई-बापाचे दिले, कुणी बायको-पोरांचे. मापिम्पीच्या जर्सीवर सगळे फोटो त्याचे एकट्याचेच होते. इरास्मसने विचारलं, तेव्हा कळलं की आई, बहीण, भाऊ, कुणीच उरलेलं नाही.

अंतिम सामना योकोहामाला होता, इंग्लंडविरुद्ध. सहासष्टाव्या मिनिटाला मापिम्पीने डाव्या कडेने चेंडू पुढे मारला. लुखान्यो आमने तो पकडला आणि न बघताच त्याला परत दिला. मापिम्पी रेषेपलीकडे झेपावला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूने केलेला तो पहिला ट्राय.