हौसेच्या शर्यतीतून व्यावसायिक संघाकडे

श्रीपेरुंबुदूर : चेन्नई-बेंगळुरू महामार्गावरील इरुंगट्टुकोट्टै हा परिसर आज मोटारींच्या कारखान्यांमुळे ओळखला जातो. मात्र ह्युंदाईचा कारखाना येथे येण्यापूर्वीच, १९९० मध्ये, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा शर्यतीचा ट्रॅक सुरू केला होता. तत्पूर्वी क्लबच्या शर्यती चेन्नईच्या उत्तरेस शोलावरम येथे, दुसऱ्या महायुद्धातील विमान धावपट्टीवर होत असत.

त्या काळी शर्यत हा प्रामुख्याने हौसेचा खेळ होता. गाडी स्वतःची आणि खर्चही स्वतःचा; साहजिकच संस्थानिक व उद्योजक घराण्यांतील नावे त्यात ठळक दिसतात. दुचाकींच्या बाबतीत या चित्राला छेद दिला तो १९८२ मध्ये. होसूर येथे कारखाना असलेल्या टीव्हीएस कंपनीने त्या वर्षी स्थापन केलेला संघ देशातील पहिला फॅक्टरी रेसिंग संघ मानला जातो. फॅक्टरी संघात वाहन, सुटे भाग आणि मेकॅनिक यांचा भार उत्पादक उचलतो; स्वाराने कौशल्य आणायचे. खिशात पैसा नसलेल्या, पण गाडीवर हुकमत असलेल्या तरुणाला त्यामुळे प्रथमच वाट मिळाली.

कंपनीचाही यात स्वार्थ असतो. शर्यतीत इंजिन सतत कमाल ताणाखाली चालते, ब्रेक तापतात, वळणावर चौकटीचा कस लागतो. रस्त्यावर उघड होण्यास वर्षे लागतील असे दोष येथे काही फेऱ्यांत दिसतात. २००७ मध्ये बाजारात आलेल्या अपाचे आरटीआरच्या नावातील पहिले अक्षर ‘रेसिंग’चेच आहे. अर्थात, नुसत्या अक्षरांनी गाडी धावत नाही!

१९९४ पासून कंपनीने सर्वांना एकसारख्या गाड्या देणारी ‘वन मेक’ स्पर्धा सुरू केली. २०१६ मध्ये त्यात महिलांचा स्वतंत्र गट आला. पुढे फ्रान्सच्या शेर्कोसोबत हा संघ डकार रॅलीत उतरला. २०२४ मध्ये केरळच्या हरिथ नोहाने तेथे ‘रॅली-२’ गट जिंकला आणि एकूण क्रमवारीत अकरावे स्थान मिळवले.

व्यावसायिक संघात पोहोचण्याची तयारी मात्र आता शालेय वयातच सुरू होते, आणि या खेळातील सर्वांत अवघड प्रश्न तोच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये इरुंगट्टुकोट्टै येथे राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या फेरीत नवोदितांच्या शर्यतीवेळी १३ वर्षांच्या स्वाराचा अपघाती मृत्यू झाला. त्या आठवडाअखेरच्या उर्वरित शर्यती आयोजकांनी रद्द केल्या.