इंजिनाच्या आत (भाग 6) : सात मिलिमीटरचा हिशेब

कावासाकीची केएलएक्स 110 ही मुलांना आणि नवशिक्यांना मातीत गाडी शिकवणारी छोटी डर्ट बाइक. तिचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 53 मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, 50.6 मिलिमीटर. हिशेब केला की 111 सीसी येतात. अमेरिकेत या गाडीसाठी जे बिग बोअर किट वर्षानुवर्षं वापरलं जातं, त्यातला पिस्टन 60 मिलिमीटरचा आहे. स्ट्रोकला हातही लावायचा नाही, तरी तीच गाडी 143 सीसीची होते. व्यास वाढला फक्त सात मिलिमीटर, क्षमता मात्र 28 टक्क्यांनी वाढली, कारण इथे व्यासाचा वर्ग मोजला जातो.

हे काही गॅरेजवाल्यांनीच शोधून काढलेलं तंत्र नाही. आकुर्डीच्या बजाज ऑटोने 2001 साली पल्सर आणली, तेव्हा 150 आणि 180 या दोन्ही गाड्यांचा स्ट्रोक 56.4 मिलिमीटरच होता. 150 चा बोअर 57 आणि 180 चा 63.5. पुढे आलेल्या पल्सर 200 मध्येही स्ट्रोक 56.4 च राहिला, बोअर 67 वर गेला आणि 198.8 सीसी मिळाले. कारखाना बोअर वाढवतो तेव्हा हेड, इंधन, क्लच, गिअर या सगळ्यांचा विचार पुन्हा करतो. किट विकत घेणाऱ्याच्या हातात येतो तो फक्त पिस्टन-सिलिंडरचा डबा. बाकीचा विचार त्याने स्वतः करायचा असतो, आणि बहुतेक इंजिनं तिथेच मरतात.

नाशिककरांना या विषयाचं वावडं नाही. वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशनची ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ इथे भरली, राष्ट्रीय सुपरक्रॉसच्या फेऱ्याही शहराने पाहिल्या. त्र्यंबक आणि इगतपुरीच्या बाजूच्या मुरमाड चढणींवर हिरोची इम्पल्स किंवा एक्सपल्स घेऊन रविवारी सकाळी निघणारी मुलं आहेतच. सुट्या मुरमावर चढताना मागचं चाक रुततं, आरपीएम पडतो आणि गाडी गुदमरते. अशा वेळी टॉप स्पीड काही कामाचा नसतो, खालच्या आरपीएमला मिळणारा जोर लागतो. बिग बोअरचा खरा फायदा नेमका तिथे आहे.

एक घोटाळा मात्र आधीच मोडून काढायला हवा. गाडी धूर मारायला लागली, ऑइल खायला लागली की मेकॅनिक ब्लॉक बोअर करून पन्नास साइजचा पिस्टन टाकतो, म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा. ही दुरुस्ती आहे. 57.3 मिलिमीटर बोअरच्या इम्पल्सला अगदी शंभर साइजचा, म्हणजे पूर्ण एक मिलिमीटर मोठा पिस्टन बसवला, तरी 149 चे जेमतेम 154 सीसी होतात. साडेतीन टक्क्यांची ही वाढ चालवणाऱ्याला जाणवतसुद्धा नाही. बोअर करून आणलेली गाडी पळायला लागली असं वाटतं, ते नव्या रिंगांनी गळणारं कॉम्प्रेशन थांबवल्यामुळे.

आता सिलिंडर. लोखंडी लायनर खरवडून सात मिलिमीटर मिळवता येत नाहीत, लायनरची भिंतच उरणार नाही. म्हणून किटमध्ये नवा सिलिंडर येतो. काही मोठ्या किटमध्ये लायनरचा खालचा भाग इतका जाड असतो, की तो आत उतरावा म्हणून क्रँककेसचं तोंडही लेथवर मोठं करावं लागतं. त्यासाठी इंजिन पूर्ण खोलायला लागतं आणि हे काम मागे घेता येत नाही. पहिल्यांदा हात घालणाऱ्याने केसला धक्का न लावता बसणारंच किट निवडावं.

आणि मग माप. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट एवढ्या लहान एअरकूल्ड इंजिनात साधारण 0.03 ते 0.05 मिलिमीटर ठेवतात, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, त्याला थोडी अधिक फट लागते. किटच्या कागदावर जो आकडा दिला असेल तोच धरायचा. डब्यातून काढलेला पिस्टन डब्यातल्याच सिलिंडरमध्ये घालताना बरेच जण ही फट मोजतच नाहीत. रिंगचं तर त्याहून वाईट. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांतली जागा फीलर गेजने तपासायची असते, 60 मिलिमीटरच्या बोअरला ती पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. जागा कमी पडली तर तापलेल्या रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग सिलिंडर ओरबाडते.

इथे नाशिकसारखं गाव मदतीला येतं. मायको सर्कलला ज्या कारखान्याचं नाव मिळालं, त्या सातपूरच्या मायकोत, म्हणजे आजच्या बॉशमध्ये, डिझेल इंजेक्टरचे सुटे भाग काही मायक्रॉनच्या अचूकतेने बनतात. सातपूर आणि अंबडच्या वसाहतींत बोअर गेज आणि मायक्रोमीटर रोज हाताळणारे लोक आहेत. रस्त्याकडेच्या गॅरेजात बोटाने चाचपून ‘बसतोय की’ म्हणण्यापेक्षा अशा माणसाकडून सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजून घेणं फार स्वस्त पडतं.

कॉम्प्रेशनचा हिशेबही कागदावर करून पाहावा. केएलएक्स 110 चं कॉम्प्रेशन 9.5 ला 1, म्हणजे पिस्टन वर आल्यावर त्याच्या डोक्यावर सुमारे 13 सीसी जागा उरते. तेवढ्याच जागेत 143 सीसीचा माल दाबला तर प्रमाण जवळपास 12 ला 1 होईल. वाऱ्यावर थंड होणाऱ्या लहान इंजिनाला ते झेपणं कठीण, ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल भडकू लागतं आणि टकटक ऐकू येते. म्हणून किट बनवणारे पिस्टनच्या माथ्याला खोलगटपणा देतात. पॅकिंग पातळ करून किंवा हेड घासून ‘अजून थोडा पॉवर’ काढू पाहणारा माणूस ती सगळी मेहनत पुसून टाकतो.

इंधनाचं गणित आपल्याकडे आणखी बदललं आहे. पंपावरच्या ई20 पेट्रोलचा ऑक्टेन 95, त्यामुळे टकटक कमी होते खरी. पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. उलट बाजूने बघितलं तर त्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. परदेशी किटसोबत आलेले कार्ब्युरेटरचे जेट तिकडच्या पेट्रोलवर ठरवलेले असतात. तेच जसेच्या तसे बसवले तर मिश्रण पातळ पडायची भीती, आणि पातळ मिश्रण म्हणजे तापलेला पिस्टन. मेन जेट आधी एक-दोन नंबर मोठाच ठेवून, प्लगचा रंग पाहत खाली येणं शहाणपणाचं. प्लग पांढुरका दिसायच्या आधीच थांबायचं. इंजेक्शनच्या गाडीत प्लग पाहून भागत नाही. तिच्या ईसीयूतला इंधनाचा तक्ता मूळ सीसीसाठी लिहिलेला असतो, तो बदलल्याशिवाय किट बसवूच नये.

किट बसलं म्हणून गाडी सगळीकडे वेगवान होत नाही. हेडमधले व्हॉल्व्ह तेवढेच असतात, श्वास तेवढाच. खालचा आणि मधला जोर भरपूर वाढतो, वरच्या आरपीएमला मात्र इंजिन आधीपेक्षा लवकर दमतं. त्यामुळे पुढचं स्प्रॉकेट एका दाताने मोठं करून पाहावं. क्लचच्या स्प्रिंगा मात्र बदलायलाच हव्यात, कारण पिस्टनवरचा दाब 28 टक्के जास्त क्षेत्रफळावर पडतो आणि तो सगळा क्रँक बेअरिंगमधून क्लचपर्यंत जातो.

शर्यतीत उतरायचं असेल तर आधी गट पाहावा. गट सीसीवर ठरतात आणि मोठं केलेलं इंजिन तांत्रिक तपासणीत बाद होऊ शकतं. रस्त्यावरच्या गाडीचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांशी न जुळणारा फेरबदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. बेकायदा फेरबदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून एमएच 15 ची पाटी लावून शहरात फिरणाऱ्या एक्सपल्सला किट बसवू नये. ट्रॅकवरची, बिननोंदणीची केएलएक्स ही त्याची योग्य जागा.

इंजिन बांधून झालं की पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगने ओढलेल्या तिरक्या रेषांवर रिंगा घासून बसतात, त्या याच वेळात. मिनरल ऑइल घालायचं, थोडं चालवायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, पुन्हा चालवायचं. एकाच वेगात रेटायचं नाही, थ्रॉटल सतत कमीजास्त करत राहायचा. तासाभराच्या धावेनंतर ऑइल बदलायचं, आणि इंजिन गार असताना हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासून व्हॉल्व्हची फट पुन्हा मोजायची.

लवकर दमणाऱ्या त्या हेडला मोकळा श्वास द्यायचा तर कॅमशाफ्टकडे वळावं लागतं. पुढचा भाग त्याच्यावर.